पांढरी चार

"बांगड्या काढ," मी म्हटलं.

"लग्नातल्या आहेत होय, काढायला जिवावर यायला," इझा म्हणाली. हातातल्या दोन्ही बांगड्या काढून तिने माझ्यासमोर पियानोवर ठेवल्या. "झालं?"

"पियानोवर नको. मी वाजवायला लागले की त्या नाचतील."

"तुझं वाजवणं ऐकून बत्तीस वर्षांत कोणी नाचलेलं नाही, ब्रिजू. बांगड्या कुठून नाचणार?"

काचेपलीकडे दिघेसाहेब हसले. त्यांच्या शेजारी बसलेला रेकॉर्डिस्ट कोळवणकर हसला नाही. त्याने स्पीकरवरून एवढंच सांगितलं, "मॅडम, बांगड्या बाहेर द्या. माइकला सगळं ऐकू येतं."

माहीमच्या एका स्टुडिओतली ही गोष्ट, साल चौऱ्याण्णव. माझी बहीण इझाबेल तेव्हा चोपन्न वर्षांची होती आणि मी बावन्न. आम्ही तुस्कानो, वसईच्या, गास गावच्या. दोघींनी लग्न केलं नाही. जुहूच्या एका हॉटेलच्या लाउंजमध्ये आठवड्यातले पाच दिवस संध्याकाळी आम्ही जॅझ करायचो. करायचो म्हणजे ती गायची आणि मी पियानो वाजवायचे. दारातल्या पाटीवर 'इझाबेल' एवढंच असायचं. पाटीवर मलाही घ्यावं असं कोणाला सुचलं नाही, आणि खरं सांगते, पहिली दहा वर्षं मलाही सुचलं नाही.

ती गायची ती जुनी इंग्रजी प्रेमगीतं. जगातल्या कुठल्याही हॉटेलात गेलात तरी संध्याकाळी हीच चालू असतात. घरी आम्ही त्यांना आमची नावं ठेवली होती. चंद्राचं, छत्रीचं, दोन कप चहाचं, निरोपाचं. आवाज होता तिला, उगाच खोटं कशाला बोलू? दाट, जरासा खरखरीत. शब्द असा सोडायची की ऐकणाऱ्याला वाटावं, ही आपल्यालाच सांगतेय. सांगत कोणालाच नव्हती. प्रेमबिम तिने कधी केलं नाही. तिला स्वतःतून सवडच नव्हती.

एवढ्या वर्षांत तिची एकही रेकॉर्ड निघाली नव्हती. दोनदा ठरलं होतं. दोन्ही वेळा तिने कोणाचा तरी पाणउतारा केला आणि ते मोडलं. मग हे दिघेसाहेब भेटले. जाहिरात कंपनीतून निवृत्त झालेले, बायको गेलेली. दर शुक्रवारी कोपऱ्यातल्या टेबलावर लिंबू-सोडा घेऊन बसायचे आणि निरोपाचं गाणं झालं की उठून जायचे. दहा दिवसांनी ते मुलीकडे कॅनडाला जाणार होते, कायमचे. जाण्याआधी त्यांना इझाची रेकॉर्ड करून ठेवायची होती. आठ प्रेमगीतं, नुसता आवाज आणि पियानो. स्टुडिओ त्याच आठवड्यात बंद व्हायचा होता. तिथला पियानो विकला गेला होता, परवा न्यायला येणार होते. म्हणजे दिवस एकच मिळणार होता. त्या दिवशी झालं तर झालं, नाहीतर इझाबेल तुस्कानो गात होती याची कुठेही खूण राहणार नव्हती. हे आम्हा चौघांनाही माहीत होतं.

आणखी एक गोष्ट होती, ती फक्त मला माहीत होती. निदान मला तसं वाटत होतं.

आमचे पप्पा गावच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. घरी पेटी होती. मला त्यांनी त्या पेटीवर शिकवलं, म्हणून पुढे इंग्रजी नोटेशन वाचायला लागले तरी डोक्यात पट्ट्या पेटीच्याच राहिल्या. काळी एक, पांढरी दोन, पांढरी चार. इझा शिकायला बसली नाही. "मला काय करायचंय काळं-पांढरं? तू सूर दे, मी गाते," म्हणायची. तीच पद्धत पुढे पडून गेली. गाण्याआधी मी करंगळीने एक सूर द्यायचा, तिने तो मनातल्या मनात धरायचा आणि पियानोकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून उभं राहायचं. मी काय वाजवते हे तिने कधी वळून बघितलं नाही.

निरोपाचं गाणं ती पांढरी चारमध्ये गायची. शेवटी एक चढ आहे, 'थांब' म्हणायचा. अडतिसाव्या वर्षी एका शुक्रवारी त्या चढावर तिचा आवाज फाटला. जरासाच फाटला. टाळ्या पडल्या, तरी कळलं सगळ्यांना. घरी ती दोन दिवस जेवली नाही, आणि माझ्याशी बोलली नाही, जसा काही मीच तो फाडला होता. पुढच्या वेळी मी तिला न सांगता अर्धा सूर खाली उतरले. पांढरी तीन. ती गायली, चढावर जाऊन मजेत थांबली. घरी येताना म्हणाली, "बघितलंस? गळा म्हणजे गळा आहे माझा." मी म्हटलं, "हो बाई."

चौऱ्याण्णवपर्यंत मी तिला एकूण दीड सूर खाली आणलं होतं. सगळीच गाणी. निरोपाचं पांढरी दोनपर्यंत आलं होतं. ती सगळ्यांना सांगायची, "वय झालं, पण पट्टी तीच आहे. विचारा ब्रिजिटला." लोक विचारायचे आणि मी 'तीच' म्हणायचे. सोळा वर्षं मी हे केलं. आणि मला ते करताना बरं वाटायचं, हेही सांगून टाकते. ती टाळ्या घेत असताना मी मागे बसून मनात म्हणायचे, घे गं घे, माझ्या जिवावर घे.

तर त्या दिवशी सकाळी साडेनऊला सुरुवात झाली. मी तिच्या नेहमीच्या उतरवलेल्या पट्ट्यांतच वाजवत होते. चंद्राचं एका टेकमध्ये झालं. छत्रीचं दोन टेकमध्ये, तेही कोळवणकरची वायर खरखरली म्हणून. दोन कप चहाचं झालं तेव्हा दिघेसाहेब रुमाल काढून चष्मा पुसत होते. चौथं झाल्यावर कोळवणकर स्वतः उठून आत आला. माणूस मोजून बोलणारा. तो म्हणाला, "मॅडम, तीस वर्षं या खुर्चीत बसतोय. असं गाणं दोन-तीनदाच ऐकलं." मग माझ्याकडे वळून त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण इझाने त्याला मध्येच विचारलं, "बाथरूम कुठंय हो?"

कोळवणकरने आम्हाला चारही गाणी एकदा वाजवून दाखवली, मग जेवायला स्टुडिओच्या बाहेरच्या खोलीत बसलो. मी घरून डबा आणला होता, मैद्याचे तळलेले फुगे आणि बोंबलाची चटणी. इझाला गाण्याच्या दिवशी तिखट चालत नसे, म्हणून तिच्यासाठी वेगळी पेज केली होती. ती मी वाटीत ओतून तिच्या हातात दिली, तिने गरम आहे म्हणून परत दिली, मी फुंकून पुन्हा दिली. दिघेसाहेब हे बघत होते.

"ब्रिजिटबाई," ते म्हणाले, "एक विचारू? तुम्ही एकट्याने कधी नाही वाजवलं? सकाळी मी नुसता पियानो ऐकायचा प्रयत्न केला. फार सुरेख हो."

मी काही बोलायच्या आत इझा हसायला लागली. पेज सांडेल इतकी हसली.

"अहो, तिला बोलावणं आलं होतं ना," ती म्हणाली. "तुला सांगितलं की नाही मी, ब्रिजू? नाहीच वाटतं. ऐका, मजा ऐका. सहासष्ट सालची गोष्ट. एक बोटीवरचा गोरा साहेब आमच्या लाउंजमध्ये यायचा. मुंबईहून इंग्लंडला जाणाऱ्या बोटी असायच्या ना, त्यांच्यावरचा. त्याच्या कंपनीचं पत्र आलं घरी. मिस बी. तुस्कानो. बोटीच्या लाउंजमध्ये पियानो वाजवायला बाई पाहिजे, सोलो, दोन वर्षांचा करार, ताबडतोब कळवा."

"मग?" दिघेसाहेबांनी विचारलं.

"मग काय? मी उघडलं पत्र. बी म्हणजे बेल असेल असं वाटलं मला आधी. मला बेल म्हणायचे काही जण. वाचलं तर पियानो. म्हटलं, असं होय. मीच उत्तर लिहिलं. मिस तुस्कानो यांचा उजवा हात अर्धांगवायूने गेलेला आहे, तरी क्षमस्व." ती पुन्हा हसली. "कंपनीने सहानुभूतीचं पत्र पाठवलं हो! छापील नाही, हाताने लिहिलेलं. पप्पांना दाखवलं तर तेही किती हसले."

"पप्पांना माहीत होतं?" मी विचारलं.

"पप्पा म्हणाले, बरं केलंस. ही गेली असती तर तुझ्यासाठी वाजवलं कोणी असतं?" तिने माझ्या डब्यातला फुग्याचा एक तुकडा मोडून तोंडात टाकला. "आणि तुला बोट लागते की गं. डहाणूला जाताना एस.टी.त ओकायचीस. इंग्लंडला जाईपर्यंत आतडी बाहेर आली असती."

दिघेसाहेबांना काय करावं कळेना. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी हसले. खरंच हसले, आवाज काढून. मग उरलेला फुगा चटणीला लावून खाल्ला, डबा धुतला, पुसून पिशवीत ठेवला.

चोविसाव्या वर्षी मी कशी होते हे आता कोणाला सांगून पटणार नाही. मी सकाळी चारला उठून पेटीवर कापड टाकून बोटांचा सराव करायचे, आवाज होऊ नये म्हणून. तिला झोप लागायची ना. मला त्या क्षणी तिचा गळा दाबावासा वाटला. पुढे मी जे केलं ते त्याहून फार वेगळं नव्हतं.

दुपारी दोनला पुन्हा बसलो. पाचवं गाणं निरोपाचं. दिघेसाहेब काचेपलीकडे खुर्ची पुढे ओढून बसले. इझा माइकसमोर उभी राहिली, पाठ माझ्याकडे.

"सूर दे," ती म्हणाली.

मी सूर दिला. पांढरी दोनचा नाही, पांढरी चारचा दिला. तिचा स्वतःचा, सोळा वर्षांपूर्वीचा. ज्याबद्दल ती जगाला सांगत फिरायची, तोच. यात माझं काय चुकलं?

तिची मान जराशी हलली. मग तिने गायला सुरुवात केली. सुरुवातीच्या ओळी खाली आहेत, त्या वरच्या पट्टीत उलट जास्त उजळल्या. दिघेसाहेबांनी डोळे मिटले. मधला भाग तिने रेटून नेला. मला तिचे खांदे वर चढताना दिसत होते. चढ आला, 'थांब'. आवाज वर गेला आणि तिथे पोचता पोचता चिरला.

"पुन्हा घेऊ," कोळवणकर म्हणाला. "जेवणानंतर होतं कधीकधी."

तिने कोमट पाणी घेतलं. घसा खाकरला. मी पुन्हा सूर दिला, पांढरी चार. या वेळी तिने चढाआधी श्वास जास्त घेतला, आणि म्हणून त्याच्या आधीची ओळ तुटली, आणि चढावर तिच्या तोंडून जे निघालं त्याला गाणं म्हणत नाहीत. दिघेसाहेबांनी मिटलेले डोळे उघडले आणि खाली जमिनीकडे बघत राहिले.

स्टुडिओत शांतता अशी असते की स्वतःच्या पोटातलं ऐकू येतं. इझा वळली. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा ती गाण्याच्या मध्ये माझ्याकडे वळून उभी राहिली होती. माइक चालू होता, काचेपलीकडच्या दोघांनाही सगळं ऐकू जात होतं.

"ब्रिजू," ती म्हणाली, "आपली पट्टी हीच ना?"

साधा प्रश्न. आवाज चढवला नव्हता. मी 'नाही' म्हटलं असतं, 'चुकले गं, जेवून सुस्ती आली,' एवढं जरी म्हटलं असतं तरी पाच मिनिटांत तिचं गाणं झालं असतं, आणि संध्याकाळपर्यंत आठही.

"हीच," मी म्हटलं. "पहिल्यापासून हीच. तूच सांगतेस ना सगळ्यांना."

"बघ हं."

"मी काय बघू? गळा तुझा आहे."

तिने मान हलवली आणि पुन्हा पाठ केली. "सूर दे."

आता हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तिसऱ्या वेळी मी पांढरी चारसुद्धा दिली नाही. आणखी अर्धा सूर वर गेले, काळी तीनमध्ये. त्या पट्टीत ती विशीतसुद्धा गायली नव्हती. पहिल्या दोन टेकला माझ्याकडे बोलायला जागा होती, की बाई, तुझीच पट्टी तुला दिली. तिसऱ्याला काही जागा नव्हती. मला फक्त ते पुन्हा ऐकायचं होतं.

आणि ऐकलं. ती चढापर्यंत पोचलीच नाही. मधल्याच भागात खोकला आला, ती थांबली, पुन्हा धरायला गेली, सूर सापडेना. माझे हात चालूच होते. काळी तीनमध्ये, अतिशय सफाईने. चोपन्न वर्षांची बाई माइकसमोर तोंड उघडं ठेवून उभी होती आणि तिच्या मागे पियानो एकटाच प्रेमगीत वाजवत होता. शेवटी कोळवणकरनेच थांबवलं.

"कट," तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "ब्रिजिटबाई." एवढंच. काचेतून तो माझ्याकडे बघत होता. त्याला कळलं होतं. ज्याचं काम ऐकण्याचं, त्याला एकाच गाण्याच्या दोन टेकमध्ये अर्ध्या सुराचा फरक कळल्याशिवाय राहत नाही. पण तो बोलला नाही. बहिणीबहिणींच्या मध्ये बाहेरच्याने काय बोलायचं, असं त्याला वाटलं असणार.

इझाने कानावरचे हेडफोन काढून स्टँडवर अडकवले. दार उघडून ती काचेपलीकडच्या खोलीत गेली. मीही मागोमाग गेले.

"दिघेसाहेब, झालं माझं," ती म्हणाली.

"अहो, काही नाही झालं." दिघेसाहेब उभे राहिले. "आपण हे गाणं सोडून देऊ. आणि नाहीच जमलं तर सकाळची चार आहेत. चार गाण्यांचीही रेकॉर्ड निघते. ती चार म्हणजे, इझाबेलबाई, मी तुम्हाला काय सांगू."

"सकाळचीही पुसा."

"काय?"

"कोळवणकर, सकाळची टेप पुसा."

दिघेसाहेब खूप बोलले. हात जोडले त्यांनी. म्हणाले, मी म्हातारा माणूस, तिकडे बर्फात जाऊन बसणार आहे, माझ्यासाठी तरी राहू द्या. ती म्हणाली, "रेकॉर्डवर नाव कोणाचं? माझं ना? मग पुसा." कोळवणकरने तीनदा विचारलं, नक्की का मॅडम. तिने तीनदा हो म्हटलं. शेवटी दिघेसाहेबांनी त्याला मानेने खूण केली. सभ्य माणूस तो, बाईमाणसाच्या शब्दाबाहेर कसा जाणार.

टेप पुसायचं मशीन त्या स्टुडिओतून आधीच गेलं होतं. कोळवणकर म्हणाला, "मग वरून कोरं रेकॉर्ड करावं लागेल. जेवढा वेळ गायला लागला तेवढाच वेळ लागेल. सोळा मिनिटं."

"चालेल," इझा म्हणाली आणि खुर्ची घेऊन मशीनसमोर बसली.

त्याने सगळी बटणं खाली ओढली आणि टेप चालू केली. मोठी चाकं हळूहळू फिरायला लागली. काही ऐकू येत नव्हतं. चंद्राचं गेलं. माझ्या मनात गाणं चालू होतं, त्यावरून मला कळत होतं, आता पहिलं कडवं पुसलं, आता माझा तो मधला तुकडा पुसला. दिघेसाहेब छत्रीचं संपेपर्यंत थांबले. मग त्यांनी आपली पिशवी उचलली आणि गेले. पुन्हा ते मला कधी दिसले नाहीत.

इझा मशीनकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, सोळाच्या सोळा मिनिटं. मी एक शब्द बोलले असते तर कोळवणकरने तिथल्या तिथे मशीन बंद केलं असतं. त्याचा हात बटणावरच होता. दोन कप चहाचं जाईपर्यंत मला वाटत होतं, बोलेन. चौथं सुरू झालं तेव्हा मला बोट आठवली आणि ते हाताने लिहिलेलं सहानुभूतीचं पत्र, आणि मी गप्प बसले. टेपचं टोक चाकावरून सुटून फटफट वाजायला लागलं.

घरी जायला टॅक्सी होती. मी तिच्या बांगड्या आठवणीने घेतल्या होत्या, त्या तिला दिल्या. तिने घातल्या. दहिसर नाका मागे पडला. मग ती खिडकीबाहेर बघत म्हणाली,

"सकाळी सगळं नेहमीसारखं दीड सूर खाली चाललं होतं. जेवल्यावर निरोपाचं पांढरी चार. आणि शेवटचं काळी तीन."

"तुला पट्ट्या कळतात?"

"ऑर्गनवाल्याची पोर मी. शिकले नाही म्हणून काय बहिरी होते? आणि गळा माझा आहे, ब्रिजू. किती चढायचं आणि किती उतरायचं ते त्याला कळत नसेल?"

"कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. पांढरी तीन केलीस त्या शुक्रवारपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"कशाला बोलू? तुला किती बरं वाटायचं." ती आता माझ्याकडे वळली. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. "मला खाली उतरवलंस की दुसऱ्या दिवशी गुणगुणत भांडी घासायचीस. तेवढं एकच होतं तुझ्याकडे, मला सांभाळतेस ते. म्हटलं, असू दे. तेही काढून घेतलं तर हिच्यापाशी राहील काय?"

टॅक्सीवाल्याने मध्येच विचारलं, वसईला कुठून आत घेऊ. तिने त्याला रस्ता सांगितला, नीट, खुणांसकट.

"मी तिथे बोलले असते तर?" मी विचारलं. "टेप फिरत होती तेव्हा. थांबवलं असतंस?"

"नाही."

"का? ती चार चांगली झाली होती, इझा. तुझी झाली होती. माझ्यावरचा राग तू स्वतःच्या गाण्यावर का काढलास?"

"रागबिग काही नाही," ती म्हणाली. "जेवणाआधी कोळवणकरने गाणी वाजवून दाखवली ना, तेव्हा मी पहिल्यांदा ऐकलं आपल्याला. बाहेरून. समोर उभी राहून गाताना मला कधी तू ऐकूच आली नव्हतीस. चारही गाण्यांत तू माझ्यापेक्षा चांगली होतीस. फार चांगली. दिघ्यांनाही तेच ऐकू येत होतं." तिने बांगड्या कोपराकडे सरकवल्या. "म्हणून तर जेवताना ते बोटीचं काढलं मी. म्हटलं, आता काहीतरी करेलच ही."

त्यानंतर नऊ वर्षं आम्ही गासच्या घरात राहिलो. हॉटेलात ती पुन्हा गेली नाही. मला एकटीला त्यांनी बोलावलं, मी गेले नाही. सकाळचा चहा मी करायचे, दुपारचा ती करायची. तिच्या गाण्याचा विषय घरात निघत नसे. ती गेली तेव्हा चर्चमध्ये कोणीतरी विचारलं, तिची एखादी कॅसेट असेल तर लावू या. मी म्हटलं, नाही.

घरी पेटी अजून आहे. मधूनमधून मी ती चार गाणी वाजवायला बसते, त्या सकाळी वाजवली होती तशी. त्या सकाळी मी तिच्यापेक्षा चांगली होते, असं ती म्हणाली होती, आणि तिने कधी कोणाला उगाच चांगलं म्हटलं नाही. तिचा आवाज मला आठवतो, एकेक श्वास आठवतो, कुठे थांबली, कुठला शब्द कसा सोडला, सगळं. मी काय वाजवलं तेवढं आठवत नाही. त्या सकाळी मी पूर्ण वेळ तिलाच ऐकत होते.